चाल सर्वसाधारण

लग्नाच्या हॉलमध्ये बाकीच्या बायका एकमेकींच्या साड्या बघत असतात, तेव्हा मी दाराजवळची खुर्ची धरून आत येणाऱ्यांच्या चाली बघत बसते. नवरा वैतागतो. म्हणतो, "अगं, आपण जेवायला आलोय, तपासायला नाही." पण हाताला सवय लागते तशी डोळ्यालाही लागते, त्याला मी काय करणार? नवरदेवाच्या मामाचा डावा खुबा कुरकुरतोय, नवरीच्या आत्याने नवे सँडल आजच काढलेत आणि ते चावतायत, छाती काढून फिरणारा तो पैलवान गडी जिना उतरताना देवाचं नाव घेणार आहे, एवढं सगळं मला अक्षता पडायच्या आत कळलेलं असतं.

तेहतीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होते. हा शब्द आमच्या पेशंटांपैकी फारसा कुणाला म्हणता आला नाही, आणि कुणी तसदीही घेतली नाही. त्यांच्या लेखी मी 'करंटवाल्या म्याडम'. दुखऱ्या जागेवर पॅड चिकटवून एक मशीन लावतात, त्याने मुंग्या आल्यासारखं होतं आणि थोडा वेळ बरं वाटतं. त्या मशीनवर कोल्हापूरकरांचा जीव. मी घसा कोरडा करून व्यायाम समजावायचा आणि समोरच्याने शांतपणे म्हणायचं, "व्यायाम घरी करतो की म्याडम, हितं तेवढा करंट वाढवा." घरी कुणी व्यायाम करत नसे. करतो म्हणून सांगणारे मात्र फार प्रामाणिक चेहऱ्याने सांगत.

माझं आवडतं काम मशीनपासून लांब होतं. आमच्या खोलीला लागून आतल्या अंगाला एक लांब बोळ होता. भिंतीवर रंगाच्या खुणा केल्या होत्या आणि माझ्या गळ्यात घड्याळ असायचं. पेशंटने या खुणेपासून त्या खुणेपर्यंत चालायचं आणि मी बघायचं. पाऊल किती लांब पडतं, कोणता पाय जमिनीवर जास्त वेळ रेंगाळतो, हात झुलतात की अंगाला चिकटून राहतात, माणूस वळतो कसा. सरळ चालताना माणूस सांभाळून घेतो, वळताना सापडतो.

कुणी बघतंय म्हटलं की चाल बदलते, ही यातली खरी अडचण. एक वस्ताद यायचे, गुडघ्यांसाठी. "नेहमीसारखं चाला" म्हटलं की ते आखाड्यात उतरल्यासारखे मांड्या फाकवून, दोन्हीकडे बघत चालायचे. नमस्कार तेवढा करायचे बाकी. शेवटी मी त्यांच्याबरोबर चालत विचारलं, "तुमच्या तालमीत हल्ली कोण पोरगं बरं आहे?" मग ते बोलायला लागले, मी बघतेय याचं भान त्यांना राहिलं नाही, आणि पाचव्या पावलाला उजवा पाय लंगडला. इचलकरंजीचा एक माग चालवणारा होता. दोन मागांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून उभा जन्म गेलेला, त्यामुळे गडी एक खांदा पुढे काढून तिरपा चालायचा. आमच्या रुंद बोळात उभा राहून तो मला म्हणाला, "एवढी जागा मोकळी सोडलीया म्याडम, चालायचं कुठनं?"

हे किस्से मी शिकाऊ मुलींना सांगायचे. तात्पर्यही सांगायचे, की बोळातली चाल ही बोळातली चाल असते, घरची नव्हे. दुसऱ्याला सांगितलेलं तात्पर्य स्वतःला लागू करायचं असतं, हे माझ्या लक्षात यायला एक घंटा वाजावी लागली, आणि तीसुद्धा उशिरा.

त्याआधी माझ्या गर्वाचं मूळ सांगते. माझे वडील चपला शिवायचे. दुरुस्तीला आलेली चप्पल हातात घेतली की ते आधी ती उलटी करून तळ बघायचे. "ह्यो टाच घासतोय. ह्यो उजव्या अंगाला कलतोय, मनक्याचं बगाय पायजे ह्याचं." गिऱ्हाईक समोर नसतानाच हे निदान. आणि वर मला सांगायचे, "माणूस खोटं बोलंल बाय, चप्पल बोलत न्हाय." कॉलेजात जे मी जाड पुस्तकातून शिकले त्यातलं अर्धं मला वडिलांच्या ऐरणीशेजारी आधीच मिळालेलं होतं, याचा मला फार अभिमान. आमच्या खोलीच्या दारात पेशंट चपला काढून आत येत. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मालूमावशी तिथे फडकं घेऊन उभ्या असायच्या. मालूमावशी म्हणजे आमच्या विभागाच्या मदतनीस. त्यांनी पुसलेल्या फरशीवर चप्पल घालून पाऊल टाकायची हिंमत मोठ्या डॉक्टरांचीही नव्हती. तर पेशंटला आत बसवून मी हळूच बाहेर जायचे, त्याची चप्पल उलटी करून बघायचे, आणि आत येऊन सांगायचे, "डाव्या पायावर भार कमी देताय ना?" पेशंट थक्क. मालूमावशी सगळ्यांना सांगत सुटायच्या, "आमच्या म्याडम चपलीवरनं सांगत्यात!" ही जाहिरात मी कधी थांबवली नाही.

आता दुखण्याकडे येते. फायब्रोमायल्जिया नावाचं एक दुखणं आहे. बहुतेक करून बायकांना होतं, पुरुषांनाही होतं. सगळं अंग दुखतं, आज खांदा, उद्या मांडी, परवा दोन्ही. झोपून उठलं तरी थकवा. रक्त तपासा, एक्स-रे काढा, सगळं ठीक. हाड ठीक, सांधा ठीक, स्नायू ठीक. बिघाड असतो तो दुखणं कळवणाऱ्या यंत्रणेत. रेडिओचा आवाज कुणीतरी मोठा करून ठेवलाय आणि बटण सापडत नाही, असं मी समजावून सांगायचे. रिपोर्ट चांगला आला की घरचे म्हणतात, "काय झालं न्हाय तुला." अशा बाईला चांगला रिपोर्ट जेवढं रडवतो तेवढं वाईट रिपोर्ट रडवत नाही.

या दुखण्यातली चाल लंगडी नसते. घोटाळा तिथेच आहे. लंगडणाऱ्याला बसमध्ये जागा मिळते. इथे दोन्ही पाय सारखेच दुखतात, त्यामुळे चाल दिसायला सरळ, फक्त सगळं थोडं थोडं कमी. पाऊल आखूड, वेग कमी, हात झुलत नाहीत, पायाच्या बोटांनी जमिनीला रेटा द्यायचा तो दिला जात नाही, आणि वळताना मान, खांदे, कंबर एकदम वळतात, पाण्याची घागर डोक्यावर असल्यासारखं. आणि हेही रोज नाही. सकाळची चाल वेगळी, दुपारची वेगळी. काल कष्ट झाले असतील तर आज वेगळी. हे सगळं मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

शालन आली ती अशाच एका गर्दीच्या सकाळी. उचगावची, चाळिशीच्या अलीकडची. नवरा वारलेला, एका शाळेत शिपाई म्हणून लागलेली. नोकरी वर्षावर्षाच्या ऑर्डरवर. आमच्या डॉक्टरांनी तिच्या कागदावर फायब्रोमायल्जिया लिहिलं होतं आणि चालण्याबद्दल माझा अभिप्राय मागितला होता. शाळेची इमारत तळमजला धरून तीन मजली. नोटिसांची वही वर्गावर्गात फिरवायची, वरच्या स्टाफरूममध्ये चहा न्यायचा आणि मधेमधे फाटकाजवळच्या झाडाला टांगलेली घंटा वाजवायची, हे तिचं काम. जिने कमी करून खालचं काम द्या, एवढं तिचं मागणं. शाळेने सांगितलं होतं, दवाखान्याचं पत्र आणा.

डोक्याला तेल, चापूनचोपून नेसलेली इस्त्रीची साडी, हातात कागदांची पिशवी. मी म्हटलं, चाला. ती चालली. दोनदा चालली. ताठ आणि बऱ्यापैकी भरभर. मी बाहेर जाऊन चपला बघितल्या. चामड्याच्या, जवळजवळ नव्या. टाच सारखी, पुढचा भाग सारखा, तळावरची नक्षीसुद्धा शाबूत.

आत येऊन विचारलं, "चालणं किती होतं दिवसात?"

"दिवसभर चालतो की म्याडम." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मी जातो, मी येतो. "थांबतोय कुठं?"

मी मनातल्या मनात हसले. चपलेचा तळ कोरा आणि म्हणे दिवसभर चालतो. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण ती जरा थांबून म्हणाली, "आत्ता सकाळ हाय न्हवं. तुम्ही दुपारी बगा की मला."

ते मला आगाऊपणाचं वाटलं. बाहेर बारा माणसं ताटकळत होती. मी कागद ओढला आणि लिहिलं: 'चाल सर्वसाधारण. दैनंदिन काम करण्यास हरकत नाही.' खाली झोकात सही. शालनने कागद वाचला, घडी घातली, पिशवीत ठेवला आणि "येतो म्याडम" म्हणून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढे चारपाच महिन्यांनी पोवार सर आले. गणिताचे शिक्षक, गुडघ्याचे पेशंट. हा माणूस बोळात चालतानासुद्धा खुणा मोजत चालायचा आणि शेवटी मला सांगायचा, "तुमची चौथी खूण दोन इंच पुढे आहे." होतीही. व्यायामाचा तक्ता दिला तर त्यात त्यांनी माझी बेरीज सुधारली. पहिल्याच दिवशी मी त्यांना आडवं करून गुडघ्याला पॅड लावले, करंट सुरू केला, वीस मिनिटांचा गजर लावला. वायरींनी बांधलेला पेशंट कुठे जात नाही आणि गप्पही बसत नाही.

"म्याडम, वेळ ही काय चीज आहे हे या देशात कुणाला कळत नाही," सरांनी सुरुवात केली. "आमच्या शाळेची घंटाच घ्या. प्रमेय अर्ध्यावर असतं, तास संपलेला असतो, आणि घंटा नाही! पोरं माझ्याकडे बघतात, मी घड्याळाकडे बघतो. कधी एक मिनिट, कधी दोन, एकदा तर साडेतीन."

"मग शिपायाला सांगा की."

"सांगून काय उपयोग? मी नोंद ठेवली आहे." त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली. "तारीख, तास, उशीर. सहा महिन्यांची. शनिवारी कमिटीची मीटिंग आहे. डायरी टेबलावर ठेवणार. पुढच्या वर्षीची ऑर्डर निघते कशी ते बघतो. बाई आजाराचं सांगते, पण तिच्या फायलीत तुमच्याच दवाखान्याचं पत्र आहे. चाल सर्वसाधारण. म्हणजे सरळ आळस."

मी सरांकडे वळले. "नाव काय हो तिचं?"

"शालन."

मी डायरी मागितली. सरांनी ती अभिमानाने दिली. उत्तरपत्रिकेला समास आखावा तशा रेघा मारलेल्या, अक्षर मोत्यासारखं, तिसऱ्या रकान्याच्या वर लिहिलेलं 'उशीर'. मी स्टूल ओढून तिथेच वाचायला बसले. पहिली दोन पानं मी एखाद्या तक्रारीसारखी वाचली. तिसऱ्या पानावर माझा हात थांबला. प्रार्थनेची घंटा वेळेवर. पहिला तास वेळेवर. दुसरा, तिसरा जवळपास वेळेवर. मधल्या सुट्टीनंतर अर्धं मिनिट, मग एक, मग दीड. रोज हाच उतार. स्नेहसंमेलन झालं, पुढचे तीन दिवस सकाळपासून उशीर. पालकसभेनंतर पुन्हा दोन दिवस. सुट्टी लागून आली की पुन्हा वेळेवर. आळशी माणूस सकाळपासून आळशी असतो. त्याचा आळस मधल्या सुट्टीनंतर वाढत नाही आणि स्नेहसंमेलनाची आठवण तीन दिवस ठेवत नाही.

इमारतीपासून झाडापर्यंतचं अंतर रोज तेवढंच. चालणारी बाई तीच. सहा महिने, दिवसातून आठ वेळा, सेकंदकाट्यावर डोळा ठेवून एका माणसाने तिच्या चालण्याचा वेग मोजला होता. माझ्या बोळात मी दोन फेऱ्यांत जे बघितलं नाही ते या गणिताच्या मास्तराने तिला कामावरून काढायच्या इराद्याने लिहून ठेवलं होतं. वीस मिनिटांचा गजर झाला तेव्हा मी दचकले.

"मला ही डायरी वाचून काय वाटलं ते शुक्रवारी सांगते," एवढंच मी डायरी परत देत सरांना म्हटलं. तो दिवस बुधवार होता. त्यांना वाटलं, म्याडम प्रभावित झाल्या. झालेच होते.

त्याच दिवशी शालनला निरोप पाठवला, उद्या शाळा सुटल्यावर तशीच ये, घरी जाऊ नको. गुरुवारी पाचनंतर ती आली. केस विस्कटलेले, साडीचा पदर खोचलेला, पायात रबरी स्लिपर. दारात सवयीने वाकून त्या काढायला लागली, तशी मी ओरडले, "काढू नको! चपला घालूनच आत ये." मालूमावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात मटण शिजवायला सांगितलंय.

स्लिपर मी पायातून काढून घेतल्या आणि उलट्या केल्या. दोन्ही तळ सपाट झिजलेले, कागदासारखे. टाचेला वेगळा घासा नाही, पुढे रेटा दिल्याची खूण नाही. पाय उचलून टाकायचा तो न उचलता सरकवत नेल्याची सगळी कहाणी तिथे होती. माझ्या वडिलांनी एका नजरेत सांगितली असती.

"मागच्या वेळी त्या चामड्याच्या होत्या त्या कुठं गेल्या?"

"त्या जावंच्या." ती लाजली. "एवढ्या मोठ्या दवाखान्यात सिलिपर घालून कोण येतंय व्हय म्याडम? माज्या पायाला जरा मोठ्याच व्हत्या, पर घरनं सांभाळून आलो."

दवाखान्यात जाताना आमचा माणूस ठेवणीतले कपडे काढतो, दाढी करतो, बाई असेल तर जावेच्या चपला घालते. दुखणं दाखवायला निघालोय म्हणून दुखणं दिसता कामा नये, ही आमच्याकडची रीत. मी याच गावात जन्मले, याच रीतीत वाढले. माझी आईसुद्धा डॉक्टरकडे जाताना शेजारणीची पर्स घेऊन जायची. आणि मी त्या जावेच्या चपलेवरून शालनचं निदान केलं होतं.

मग त्याच स्लिपर परत घालायला लावून तिला सहा मिनिटं चालवलं. आमची ती रीतसर चाचणी आहे, पहिल्या वेळी मी गर्दीचं कारण करून टाळली होती. पहिलं मिनिट छान. दुसऱ्यात हात अंगाला चिकटले. तिसऱ्यात पाऊल आखडलं. चौथ्यात ती भिंतीला हात लावत होती, अगदी सहज लावल्यासारखा, कुणाला कळू नये असा. चेहऱ्यावर हसू तसंच. मी म्हटलं, थांब हवं तर.

"नको म्याडम. थांबलं की परत सुरू व्हायला लई जड जातंय. चालत्यालं बरं."

सहा मिनिटं संपल्यावर तिला खुर्चीत बसवलं, मालूमावशींनी पाणी दिलं, आणि मी तिच्यासमोर उभं राहून म्हटलं, "शालन, माझं चुकलं. मागचं पत्र मी चुकीचं दिलं."

तिने पाणी संपवलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "तुमचं कुठं चुकलं म्याडम? चपलांचं चुकलं." आणि हसली. मालूमावशीही हसल्या. मला हसायला जरा वेळ लागला.

शुक्रवारी पोवार सर पुन्हा वायरींमध्ये अडकल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. चपला, सहा मिनिटं, सकाळ-दुपारचा फरक. नवीन पत्र लिहून ठेवलं होतं, त्यात पहिलंच वाक्य होतं की माझा आधीचा अभिप्राय चुकीचा होता. आमच्या धंद्यात हे वाक्य लिहायला पेन चालत नाही. मी दोन पेनं बदलली.

"तुमची डायरी या पत्राला जोडायला हवी," मी म्हटलं. "माझ्या शब्दावर कमिटी आता विश्वास का ठेवेल? आधीचा शब्दही माझाच होता."

"वा!" सर उठून बसायला गेले आणि वायरीने त्यांना परत झोपवलं. "सहा महिने मी नोंद ठेवली ती तिच्या बाजूने वापरायला?"

"तुमचा गुडघा सकाळी कसा असतो सर?"

"बरा असतो."

"आणि सातव्या तासाला?"

सरांनी खिशातून डायरी काढली, चष्मा लावला आणि वाचू लागले. सहा महिने स्वतः लिहिलेलं ते पहिल्यांदाच वाचत होते. गजर झाला. मी पॅड काढले तरी ते उठले नाहीत.

"एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली म्याडम," शेवटी ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, मास्तरकीचा. "मंगळवार आणि गुरुवार. पाचव्या तासानंतरची घंटा. सगळ्यात जास्त उशीर त्या दोन दिवशी आहे. ती साडेतीन मिनिटंसुद्धा मंगळवारची."

"का बरं?"

"मंगळवारी आणि गुरुवारी माझा पाचवा तास मोकळा असतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी वर स्टाफरूममध्ये एकटाच असतो. तेव्हा दुसरा चहा मागवतो."

तळमजल्यावरून चहा घेऊन दोन जिने वर, रिकामा कप घेऊन दोन जिने खाली, आणि मग झाडापर्यंत. चपला घालताना दारात त्यांनी डायरी माझ्या हातात दिली, मग परत घेतली. म्हणाले, "नको. मीच मांडतो. उदाहरण ज्याने चुकवलं त्यानेच परत सोडवायचं असतं."

शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. कमिटीसमोर त्यांनी फळा मागवला होता म्हणे. फळ्यावर सकाळ, दुपार, मंगळवार, गुरुवार असं सगळं मांडून पाऊण तास समजावलं. अध्यक्षांनी दोनदा सांगितलं की कळलं, तरी थांबले नाहीत. माझं पत्र शेवटी वाचलं. शालनची ऑर्डर कायम राहिली. तिला खालच्या मजल्यावरच्या वाचनालयात बसवलं, नोटिसांची वही वर्गाचे मॉनिटर नेऊ लागले. घंटेऐवजी विजेची बेल लावायचाही विचार निघाला होता, पण शालननेच तो मोडून काढला. "घंटा माजी हाय," ती म्हणाली. "तेवढी मी सोडणार न्हाय."

शालन बरी झाली असं मी लिहिणार नाही. हे दुखणं तसं जात नाही. रोज थोडं चालणं, थोडा व्यायाम, थोडी झोप, याने ते माणसात राहतं एवढंच. ती अजून दुखते आणि अजून चालते. मी निवृत्त होईपर्यंत आमच्या बोळात पेशंट स्वतःच्या रोजच्या चपला घालून चालायचे, आणि त्यांच्यामागून मालूमावशी फडकं घेऊन, माझ्या नावाने पुटपुटत.

शालनच्या आधी मी किती कागदांवर 'चाल सर्वसाधारण' लिहिलं ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचंच वाईट वाटतं. त्यातल्या काहींनी घडी घालून तो कागद पिशवीत ठेवला असेल आणि घरी, कामावर, कुणाच्या तरी समोर मान खाली घालून काढून दिला असेल. त्या कुणाच्या शाळेत पोवार सर नव्हते. हे मी कुणाकडे जाऊन कबूल करू? म्हणून इथे करते आहे.

पोवार सरांनी डायरी बंद केलेली नाही. अजून दोन वर्षं नोकरी आहे त्यांची. दर महिन्याच्या शेवटी ते पानाचा फोटो काढून माझ्या मोबाइलवर पाठवतात, खाली 'माहितीस्तव' असं लिहून. परवा या महिन्याचं पान आलं. तेच अक्षर, त्याच रेघा. फक्त तिसऱ्या रकान्यावरचा 'उशीर' हा शब्द पट्टी ठेवून खोडला होता आणि वर लिहिलं होतं, 'तब्येत'. खाली मंगळवारच्या ओळीसमोर तांबड्या शाईत बारीक नोंद होती: 'एक मिनिट. चहा खाली जाऊन प्यालो.'

त्यांचा गुडघा अजून दुखतो, आणि स्टाफरूम अजून वरच्या मजल्यावरच आहे.